एसएनडीटी: पाच मुली, जपानचं पुस्तक आणि 'गृहीतागमा'

एसएनडीटी महिला विद्यापीठ म्हटलं की आपल्याला चर्चगेटची बिल्डिंग नाहीतर पुण्यातला कर्वे रोडचा कॅम्पस आठवतो, पण हे सगळं सुरू झालं ते पुण्याबाहेर हिंगण्याला, ५ जुलै १९१६ ला, आणि कॉलेजात मुली होत्या पाच. हो, पाचच. आणि नाव काय, तर भारतवर्षीय महिला विद्यापीठ!

हिंगणं तेव्हा माळरान. धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, फर्ग्युसनला गणित शिकवायचे. त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला होता आणि १९०० मध्ये पुण्यात प्लेग असल्याने तो हिंगण्याला एका झोपडीत हलवला. कॉलेजात शिकवून झालं की संध्याकाळी चालत तिकडे जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. स्वतः १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडला त्यांच्या गावाने बहिष्कार घातलेला, त्यामुळे लोकांच्या बोलण्याची सवय झालीच असणार.

विद्यापीठाची आयडिया मात्र टपालाने आली. बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची (ते १९०१ चं) माहिती देणारं एक छोटं पुस्तक पाठवलं, अण्णांनी आधी ते बाजूला ठेवून दिलं, आणि मग १९१५ च्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षीय भाषण तयार करताना तेच हाताशी आलं. मुंबई युनिव्हर्सिटी मुलींना १८८३ पासून खुली होती, मग वेगळं कशाला, असं विचारणारे होतेच. अण्णांचं म्हणणं, तिथे इंग्रजीतून शिकून किती जणी टिकणार? म्हणून इथे शिकवणं मातृभाषेतून, इंग्रजी विषय म्हणून ठेवला, आणि जोडीला घरकाम-आरोग्य वगैरे विषय. हा घरकामाचा भाग आज मला तरी खटकतो, पण मातृभाषेचा मुद्दा अजून तितकाच खरा वाटतो.

डिग्रीचं नाव तर भारीच, बीएच्या जागी 'गृहीतागमा', म्हणजे जीए! एमएच्या जागी 'प्रदेयागमा'. सरकारी मान्यता नाही, त्यामुळे नावापुढे जीए लावलं तरी म्हणजे काय ते दरवेळी समजावून सांगावं लागत असणार.

पैशाचं काम १९२० मध्ये झालं. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख देऊ केले, आईचं नाव द्यायचं या अटीवर, म्हणून श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच एसएनडीटी. गंमत म्हणजे तेही जपानला ते विद्यापीठ बघून आले होते. पुढे १९२२ मध्ये ठाकरसी वारले आणि मग देणगीच्या पैशावरून वाद झाला, अण्णा पुन्हा वर्गणी मागत फिरायला मोकळे, सत्तरी ओलांडल्यावर तर पार युरोप, अमेरिका, जपानपर्यंत.

ऑफिस मुंबईला गेलं १९३६ मध्ये. कायद्याने विद्यापीठ म्हणून मान्यता १९५१ ला मिळाली, तोपर्यंत अण्णा ९३ वर्षांचे झाले होते.