सहीचा हक्क

१८९३ साली न्यूझीलंडच्या संसदेत बायकांच्या मतदानाच्या मागणीचा एक अर्ज आला. ५०० हून जास्त कागद एकाखाली एक चिकटवून त्याची गुंडाळी केली होती आणि ती गुंडाळायला मधे झाडूच्या दांड्याचा तुकडा घातला होता. सगळी उलगडली तर २७० मीटरच्या आसपास भरेल एवढी लांब. सर जॉन हॉल या सभासदाने तिचं एक टोक धरून ती सभागृहाच्या मधल्या वाटेवर सोडली, आणि ती घरंगळत जाऊन पलीकडच्या भिंतीवर आदळली, असं सांगतात. केट शेपर्ड आणि तिच्या मैत्रिणींनी गावोगाव हिंडून जमवलेल्या त्या सह्या होत्या. बाकीचे छोटे अर्ज धरून सुमारे ३२ हजार. देशातल्या प्रौढ युरोपीय स्त्रियांपैकी जवळपास चौथा हिस्सा. आधीची दोन वर्षंही त्यांनी असेच अर्ज केले होते आणि ते वाया गेले होते. या वेळी वरच्या सभागृहात विधेयक २० विरुद्ध १८ असं निसटत्या मतांनी तरलं आणि १९ सप्टेंबरला कायदा झाला.

मतासाठी सही करावी लागली हे मला फार बोलकं वाटतं, कारण त्याच्या थोडं आधीपर्यंत लग्न झालेल्या बाईच्या सहीलाच किंमत नव्हती. इंग्लंडमध्ये आणि इंग्रजी कायदा जिथे जिथे गेला तिथे, लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन व्हायचं. तिची मजुरी नवऱ्याची. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे की दावा लावता येत नसे. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचा हक्क मिळाला तो १८८२ साली.

तक्रार मात्र त्याहून खूप जुनी आहे. फ्रेंच क्रांतीने १७८९ साली माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यातला माणूस म्हणजे पुरुष, हे ऑलिंप द गूज या फ्रेंच लेखिकेने ओळखलं आणि १७९१ साली तोच जाहीरनामा तिने कलमागणिक स्त्रीच्या बाजूने पुन्हा लिहिला. बाईला वधस्तंभावर चढवता येतं, तर तिला व्यासपीठावरही चढता आलं पाहिजे, असं त्यात तिने म्हटलं होतं. १७९३ साली तिचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. मताचा हक्क फ्रेंच बायकांना १९४४ पर्यंत मिळाला नाही, आणि नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी धरायला आणि बँकेत खातं उघडायला त्यांना १९६५ उजाडावं लागलं.

अमेरिकेत १८४८ साली सेनेका फॉल्स गावच्या सभेत १०० जणांनी स्त्रियांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष. त्यांतली शार्लट वुडवर्ड तेव्हा तरुण मुलगी होती. १९२० साली देशभरातल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला तेव्हा ती हयात होती, पण आजारपणामुळे मत द्यायला जाऊ शकली नाही. ७२ वर्षं! आणि तो विजयही अर्धाच होता. दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांना १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत नाना अटी लावून मतपेटीपासून लांब ठेवलं गेलं. ब्रिटनने १९१८ साली मत दिलं ते तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. बरोबरीचं मत १९२८ साली. न्यूझीलंडमध्येही मत १८९३ चं, पण निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क १९१९ चा. फिनलंडने मात्र १९०६ साली दोन्ही हक्क एकदमच दिले आणि पुढच्याच वर्षी १९ बायका संसदेत निवडून आल्या. स्वित्झर्लंडमध्ये हा प्रश्न पुरुषांच्या मतदानावर सोडलेला होता. १९५९ साली त्यांनी तो फेटाळला, १९७१ साली मान्य केला.

हा लढा काही गोऱ्या देशांपुरता नव्हता. ९ ऑगस्ट १९५६ ला दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला सुमारे २० हजार स्त्रिया सरकारी कचेरीवर चालून गेल्या. त्यांच्यावर लादला जाणारा कागद होता पास, जो जवळ नसेल तर काळ्या माणसाला रस्त्यावर अटक व्हायची. पंतप्रधानांच्या दाराशी त्यांनी सह्यांच्या अर्जांचे गठ्ठे ठेवले आणि मग अर्धा तास अवाक्षर न काढता उभ्या राहिल्या. पाठीवर मुलं बांधलेल्या कित्येक जणी त्यात होत्या.

तोवर शब्दांची लढाई संयुक्त राष्ट्रांत पोचली होती. १९४५ च्या सनदेवर सही करणाऱ्या दीडशेहून जास्त प्रतिनिधींत स्त्रिया अवघ्या चार. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा चालू असताना ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल अशा इंग्रजी शब्दाला भारताच्या हंसा मेहता यांनी हरकत घेतली. १९४८ च्या अंतिम मजकुरात ‘सर्व मानव’ आलं. एका शब्दाचा बदल, पण ऑलिंपने १५७ वर्षांपूर्वी दाखवलेली चूक तिथे दुरुस्त झाली.

१९७९ साली स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याचा करार झाला. आज १८९ पक्ष त्याला बांधील आहेत, पण अनेकांनी विवाह आणि वारशाच्या कलमांवर राखीव अटी नोंदवून सही केली, म्हणजे नेमक्या घरातल्या गोष्टींवर. अमेरिकेने १९८० मध्ये सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही. मिळालेला हक्क परतही जातो. त्याच अमेरिकेत गर्भपाताचा घटनात्मक हक्क १९७३ साली मिळाला आणि २०२२ साली न्यायालयानेच काढून घेतला.

अफगाणिस्तानाने हा करार २००३ साली एकही अट न घालता स्वीकारला होता. २०२१ मध्ये तालिबान परतले आणि सहावीच्या पुढे मुलींची शाळा बंद झाली; डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स यांनी त्याच कराराच्या आधारे अफगाणिस्तानाला जाब विचारणार असल्याचं जाहीर केलं. आधी वाटाघाटी, मग लवाद, तिथेही भागलं नाही तर हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय, असा त्याचा क्रम आहे. त्याला वर्षं लागू शकतात. सहावी झालेली मुलगी तोवर घरीच आहे.