विवाहनोंदी व कुलशोध (सातारा-सांगली)

लग्नाच्या लेखी पुराव्यांवरून कुळाचा माग काढण्याची पद्धत. वंशावळ बाप, आजा, पणजा अशी पुरुषांच्या बाजूने लिहिली जाते. सुनेचे माहेर कोणते आणि लेकी कोणत्या गावी दिल्या, हे मात्र बहुधा लग्नाच्या कागदातच सापडते. आजीपणजीकडून कूळ शोधणाऱ्याला याहून मोलाचे साधन नाही.

सरकारी नोंदी अलीकडच्या आहेत. जन्म-मृत्यूंसाठी गाव नमुना १४ असे; लग्नांचे तसे सार्वत्रिक दफ्तर गावपातळीवर नव्हते. १९५३ चा मुंबई विवाह नोंदणी अधिनियम व १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम आल्यावरही नोंद नसल्यामुळे विवाह अवैध ठरत नसे, म्हणून पुष्कळ लग्ने कागदावर आलीच नाहीत. १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखालील ज्ञापनावर (नोंदणीच्या अर्जावर) वधूवरांखेरीज तीन साक्षीदार व पुरोहित यांच्या सह्या असतात. साक्षीदार अनेकदा मामा किंवा चुलते निघतात. ती नावे अवश्य टिपावीत. ख्रिस्ती विवाहांना १८७२ चा कायदा असल्याने त्यांची रजिस्टरे जुनी आहेत. मुसलमानांत निकाहनामा पाहावा.

शोधाआधी गाव तेव्हा कोणाच्या अमलात होते हे ठरवावे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून बनला व १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. तासगाव, वाळवा, शिराळा हे पूर्वी सातारा जिल्ह्यात, तर सांगली, मिरज, जत ही संस्थाने. आटपाडी औंध संस्थानात होती. त्यामुळे शेजारच्या दोन गावांचे जुने कागद वेगवेगळ्या दफ्तरांत असू शकतात.

कागद संपतात तेथे हेळवी उपयोगी पडतात. बैल घेऊन गावोगाव फिरणारे, यजमान घराण्यांची वंशावळ वाचून दाखवणारे व त्याबद्दल धान्य, वस्त्र घेणारे हे लोक दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात आढळतात. त्यांच्या नावाविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते ते कन्नड ‘हेळु’ (सांगणे) या धातूवरून आले; वंश सांगणाऱ्यांना हे शोभतेही. दुसरे मत ‘हेळव’ (पांगळा) या नामाचे आहे. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण कन्नडमध्ये ‘सांगणे’ या धातूतील ए दीर्घ, तर ‘पांगळा’ या अर्थी शब्दातील ए ऱ्हस्व आहे. जातीच्या नावातही तो ऱ्हस्वच असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बैलावर बसून फिरण्याच्या रूढीशीही ते जुळते. हेळव्यांच्या वह्यांत भर पुरुषपरंपरेवर असतो. सोयरिकी पडताळून घ्याव्यात.

मराठा अमदानीतील लग्नटका (लग्नावरील कर) व पाटदाम (पाटाच्या लग्नावरील, म्हणजे स्त्रीच्या पुनर्विवाहावरील कर) यांच्या नोंदी हिशेबासाठी केलेल्या आहेत. केवळ त्यांवर नाते उभे करू नये.

घरच्या ट्रंकेतील लग्नपत्रिका दुर्लक्षित राहते. तीत दोन्हीकडची गावे, वडीलधारी माणसे व तिथी असते. वर्ष शकात असल्यास चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, तर जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावेत. वैशाख शके १८७० म्हणजे इ. स. १९४८, पण माघ शके १८७० म्हणजे १९४९.