रामकुंडावरचा गढूळ पूर आणि उप्पाड्याचा किनारा

नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी पोचलं, यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल वर उचलायचा की नाही ते ठरवतात. सगळ्यांचं लक्ष पाण्याच्या उंचीवर असतं. त्याच्या रंगाकडे फारसं कुणी बघत नाही. मला मात्र त्या चहासारख्या रंगाबद्दलच लिहायचं आहे. ब्रह्मगिरीच्या उतारांवरची माती आणि झिजलेल्या काळ्या कातळाचे कण त्यात असतात, आणि असल्या गाळावर पार बंगालच्या उपसागराचा एक किनारा उभा आहे.

त्र्यंबकेश्वरापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटरवर. गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालत आंध्रात समुद्राला मिळते. मुखाशी वेग मंदावला की अंगावरचं ओझं खाली बसतं. हजारो वर्षांत त्यातून त्रिभुज प्रदेश तयार झाला. तिथल्या गाळात दख्खनच्या बेसॉल्टची खूण आजही सापडते.

पण वाळूचा किनारा एकदा तयार झाला म्हणजे कायमचा झाला, असं नसतं. लाटा तिरक्या येतात आणि वाळूला किनाऱ्याच्या कडेकडेने पुढे ढकलतात. पूर्व किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब केला तर ही वाळू बहुतांशी उत्तरेकडे सरकते. गेलेल्या वाळूची भरपाई नदी करते. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी १५ कोटी टनांच्या आसपास गाळ मुखापर्यंत नेत असे. १९९० च्या दशकात हा आकडा ६ कोटी टनांच्याही खाली आला. मधल्या काळात, १९७६ चं जायकवाडी धरून, एकामागून एक धरणं उभी राहिली. धरणात पाणी थबकतं आणि गाळ तिथेच बसतो. त्यात वाळूउपशाची भर.

काकीनाड्याजवळचं उप्पाडा हे विणकरांचं गाव; येवल्याची जशी पैठणी, तशी तिथली उप्पाडा साडी. या गावाची घरं आणि रस्ता समुद्र वर्षानुवर्षं खातो आहे. बंदरांची बांधकामं आणि चढती समुद्रपातळी हीदेखील त्यामागची कारणं आहेत. तिथे वाळू भरलेल्या जाड कृत्रिम कापडाच्या प्रचंड नळ्या रचून बांध घातला गेला. काही वर्षांत लाटांनी तोही फाडला.

बांध का हरतो? उतरत्या वाळूवर चढताना लाट हळूहळू थकते. उभ्या भिंतीवर आपटली की तिचा जोर परत फिरतो आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरतो. भिंत टिकते, पण पुढ्यातली पुळण जाते. मग पायाच उघडा पडतो. म्हणून कोकणातले धूपप्रतिबंधक बंधारे दगडांचे आणि उतरते असतात, मरीन ड्राइव्हला चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड असतात. फटींत शिरलेली लाट विस्कटते. तरीही यांतलं काहीच नवी वाळू आणत नाही. समुद्रात आडवे बांध घातले तर वाळू अडते, पण पुढच्या गावाच्या वाट्याची. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाअखेरीस बंदराचे बांध झाले आणि उत्तरेकडचा शहराचा किनारा नाहीसा झाला. अलीकडे तिथे पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा कृत्रिम खडक बसवला. लाट त्यावर आधीच फुटते, मागे वाळू साचते. किनाऱ्याचा एक तुकडा खरोखर परत आला.

मला सगळ्यात पटतो तो डच मंडळींचा मार्ग. २०११ मध्ये त्यांनी हेगजवळ २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच जागी ओतली आणि ती वाटण्याचं काम लाटांवर सोपवलं.

मग आपली वाळू कुठे अडते? नाशिकनंतरचा पहिला मुक्काम निफाड तालुक्यात. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्या मागे साचलेल्या गाळाची बेटं झाली, उथळ पाणी झालं, रोहित आणि बदकं येऊ लागली. २०२० मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला. समुद्राकडे निघालेल्या मातीवर इथे पक्षी उतरतात, आणि ते उडून जावेत असं मला मुळीच वाटत नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ शेतांवर जातो, तेही शेतकऱ्याच्या फायद्याचंच.

गाळ पुढे पाठवण्याचे उपायही आहेत. जपानमध्ये काही धरणांच्या बगलेतून बोगदे काढले आहेत. पुराचं गढूळ पाणी जलाशयाला वळसा घालून खाली उतरतं. दुसरा उपाय त्याहून सोपा दिसतो: पुराचे सर्वांत गढूळ लोंढे तळाच्या दरवाजांतून जाऊ द्यायचे आणि नंतरचं निवळ पाणी साठवायचं. पण आपल्याकडे नंतरचं पाणी येईलच याची खात्री कोण देणार? जायकवाडीच्या एकेका टीएमसीवरून (अब्ज घनफूट पाण्यावरून) नाशिक आणि मराठवाडा कोर्टात भांडले आहेत. पैठणच्या शेतकऱ्याला हा पूर उप्पाड्यासाठी सोडून दे म्हणायचं, तर आधी त्याच्या उन्हाळ्याची सोय दाखवावी लागेल. अभियंत्यांचं गणित तिथेच अडून आहे.