देवाला काय म्हणायचे? परक्या समाजातील ख्रिस्ती सेवेची पार्श्वभूमी

सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, एका समाजातून दुसऱ्या समाजात नेताना पहिली अडचण शब्दाची येते. १५४९ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर जपानमधील कागोशिमाला उतरले. दुभाषा आंजिरो याच्या सांगण्यावरून त्यांनी देवासाठी 'दाइनिची' हा शब्द धरला. हे शिंगोन या बौद्ध पंथाच्या महाबुद्धाचे नाव, त्यामुळे भिक्षूंना ही आपलीच शिकवण वाटली. चूक कळल्यावर झेवियरांनी तो शब्द सोडून लॅटिन 'देउस' घेतला. आता गोंधळ मिटला, पण लोकांना अर्थच लागेना. विरोधकांनी त्याचा 'दाइ उसो', म्हणजे 'मोठे खोटे', असा अपभ्रंश केला. ओळखीचा शब्द जुना अर्थ सोबत घेऊन येतो आणि परका शब्द रिकामा येतो. परक्या समाजात काम करणाऱ्या प्रत्येकाला या दोन टोकांमधूनच वाट काढावी लागते.

प्रश्न तसा मंडळीइतकाच, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समाजाइतकाच, जुना आहे. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, यावर यरुशलेमेत बैठक झाली. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ मध्ये तिचा निर्णय आहे: सुंतेची सक्ती नाही, चारच गोष्टी टाळाव्यात. संदेश कोणता आणि सांगणाऱ्याची स्वतःची रीत कोणती, ही निवड तिथे पहिल्यांदा उघडपणे झाली.

मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण थॉमस स्टीफन्स यांचे. १५७९ मध्ये हे इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू गोव्यात आले आणि पुढे तिथल्याच साष्टी भागात त्यांनी दीर्घकाळ काम केले. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचायला काहीच नव्हते. ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये ते साष्टीतल्याच राचोलला छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण छपाईचे देवनागरी खिळे हाताशी नव्हते. 'परमेश्वर', 'वैकुंठ' हे शब्द त्यांनी बेधडक घेतले. मात्र ते सुटे ठेवले नाहीत. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची सारी कथा त्यांच्याभोवती उभी केली. शब्दाला नवा अर्थ मिळतो तो त्याच्याभोवतीच्या कथेतून, आणि आमच्या मते हीच त्यांची खरी हातोटी.

पण १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले: तीन वर्षांत गोव्यातील लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. धर्मसेवेला सत्तेचे पाठबळ मिळाले की असे नुकसान होते.

जर्मन धर्मप्रचारक बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीला आले. शाळेतल्या मुलांशेजारी बसून त्यांनी वाळूत बोटाने तमिळ अक्षरे गिरवली. मोठ्या माणसाने मुलांच्या रांगेत बसणे सोपे नसते. पण भाषा नीट येते ती अशीच, कारण मुले चूक तिथल्या तिथे दाखवतात. १७१५ पर्यंत त्यांचा तमिळ नवा करार छापून झाला. दक्षिणेतील देवदेवतांची माहिती देणारा त्यांचा ग्रंथ मात्र युरोपातील वरिष्ठांनी छापला नाही. तो १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठवणाऱ्यांची समजूत काढणे हे कामाच्या जागी रुजण्याइतकेच जड जाते. चीनमध्येही पूर्वजांना मान देण्याच्या विधींवर रोमने, म्हणजे कॅथोलिक धर्मपीठाने, ख्रिस्ती लोकांसाठी १७४२ मध्ये अखेरची बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९३९ साल उजाडले.

आनंद मात्र गाण्यात दिसतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी मंडळ्यांत भाषांतरित गीते पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. चाल जिथे सूर लांबवते तिथे मराठी शब्दात ऱ्हस्व अक्षर आले तर ते ओढावे लागते. शब्द मोडतो आणि अर्थ कानातून निसटतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी अभंग, पदे, भजन आणि कीर्तन मंडळीत आणले. आता अक्षर न ओढता, टाळाच्या ठेक्यावर, वाचता न येणारी बाईही पद पाठ म्हणू शकत होती. मराठी उपासनेत त्यांची पदे आजही गायली जातात.