ब्रिटिश स्थलनामांतील जुने भूरूपवाचक शब्द

टेकडी, दरी, वन, दलदल अशा भूरूपांसाठी पूर्वी रूढ असलेले, पण आज बोलण्यातून गेलेले किंवा अर्थ पालटलेले आणि मुख्यतः स्थलनामांत टिकून राहिलेले शब्द. इंग्लंडमध्ये त्यांचे तीन थर आढळतात : वेल्शची पूर्वज असलेली ब्रिटॉनिक, साधारणपणे पाचव्या शतकापासून रुजलेली जुनी इंग्रजी आणि नवव्या शतकापासूनची नॉर्स (स्कँडिनेव्हियन वसाहतकऱ्यांची भाषा). त्यांचा पद्धतशीर अभ्यास इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीच्या स्थापनेपासून (१९२३) विशेष वाढला.

सर्वाधिक मतभेद जुन्या इंग्रजीतील ‘लेआह’ या शब्दाविषयी आहेत. ब्रॅडली, बर्न्ली, वेंब्ली आणि क्रिकेटमुळे आपल्याकडे परिचित असलेले लीड्सचे हेडिंग्ली, यांतील ‘ली’ म्हणजे हाच शब्द. संस्कृत ‘लोक’, लॅटिन ‘लूकुस’ (देवराई) व लिथुएनियन ‘लाउकास’ (शेत) हे त्याचे सगोत्र होत. मूळ धातू प्रकाशवाचक असून वैदिक भाषेत ‘लोक’चा एक अर्थ ‘मोकळी जागा’ असाच आहे. त्यामुळे ‘झाडे तोडून मोकळी केलेली जमीन’ हा अर्थ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. मात्र व्युत्पत्तीवरून रूढार्थ ठरविणे धोक्याचे असते. अँग्लो-सॅक्सन बखर या जुन्या इंग्रजीतील वर्षवार इतिहासात ४७७ सालच्या नोंदीत (ही नोंद लिहिली गेली बहुधा नवव्या शतकाच्या अखेरीस) दक्षिणेकडील विस्तीर्ण अरण्याला ‘आन्द्रेदेसलेआह’ म्हटले आहे. तेथे ‘मोकळी जागा’ हा अर्थ लागूच पडत नाही. ओकली, ॲशली या वृक्षवाचक नावांतही ‘ओकचे वन’, ‘ॲशचे वन’ हे अर्थ अधिक सरळ वाटतात. अशी नावे जेथे झुपक्याने येतात तेथे जुने वन होते, हे स्थलनामांच्या अभ्यासक मार्गारेट गेलिंग यांचे मत अधिक ग्राह्य दिसते. ‘कुरण’ हा अर्थ त्यानंतरचा.

टेकडी व दरी यांसाठीचे अनेक शब्द पूर्वी परस्परांचे पर्याय समजले जात. गेलिंग यांनी १९८४ मध्ये आणि पुढे ॲन कोल यांच्यासह २००० मध्ये नावे व प्रत्यक्ष जमीन ताडून पाहिली, तेव्हा त्यांतील काटेकोर भेद पुढे आला. ‘डून’ म्हणजे माथ्यावर गाव वसू शकेल अशी पसरट टेकडी, ‘बेओर्ग’ म्हणजे गोलसर उंचवटा. ‘डेनु’ ही लांब, अरुंद दरी, तर ‘कुंब’ ही आखूड, वाटीसारखी. नाव देणाऱ्या शेतकऱ्यांची नजर किती तयार होती, हे यावरून कळते. ‘डून’ हा केल्टिकमधून (ब्रिटॉनिकचे भाषाकुल) उसना घेतलेला की मूळचा जर्मानिक (इंग्रजीचे भाषाकुल), हा वाद जुना आहे. ‘खाली’ या अर्थाचा आजचा ‘डाउन’ मात्र ‘टेकडीवरून’ या जुन्या शब्दप्रयोगातूनच आला. आजच्या रूपावर विसंबू नये : विंबल्डनमधील ‘डन’ टेकडीचा, तर जवळच्या क्रॉयडनमधील ‘डन’ दरीचा (‘केशराची दरी’).

हीच अडचण ‘हाम’ (वस्ती) व ‘हम्म’ (नदी किंवा दलदलीने वेढलेली जमीन) यांबाबत येते. ११व्या शतकातील डोम्सडे बुकात (इंग्लंडमधील जमिनींच्या पाहणीची नोंदवही) दोन्ही सहसा सारखेच लिहिलेले असल्याने त्याआधीची रूपे हाती असावी लागतात. बर्मिंगहॅम पहिल्या गटातील, बकिंगहॅम दुसऱ्या.

ब्रिटॉनिक शब्द इंग्रजी भाषकांना विशेषनामे वाटले, म्हणून त्यांना पुन्हा टेकडीवाचक शब्द जोडले गेले. लँकाशरमधील पेंडल हिल या नावात ‘पेन’, ‘हिल’ आणि पुन्हा ‘हिल’ अशी टेकडी तीनदा येते. वुस्टरशरच्या ब्रेडन हिलमध्येही ‘ब्रे’, ‘डून’ व ‘हिल’ असा हाच प्रकार आहे. एव्हन या नावाच्या अनेक नद्या आहेत. त्याचा अर्थ ‘नदी’ एवढाच.

नॉर्स ‘बेक’ (ओढा), ‘फेल’ (डोंगर) व ‘टार्न’ (डोंगरातले तळे) हे शब्द उत्तर इंग्लंडच्या बोलींत आजही चालतात. वेल्समध्ये ‘कुम्’ (दरी) हा शब्द जिवंत भाषेचाच भाग आहे. स्कॉटलंडमध्ये नदीमुखासाठी पूर्व किनाऱ्यावर ॲबरडीनमधील ‘ॲबर’ आणि गेलिक या केल्टिक भाषेच्या प्रभावाखाली इन्व्हर्नेसमधील ‘इन्व्हर’ असे दोन शब्द आढळतात.