जगातली आवडती पर्यटनस्थळं

काही काम नसताना, फक्त बघायला, फिरायला, जरा निवांत राहायला म्हणून लोकं मुद्दाम पैसे साठवून जिथे जातात आणि परत आल्यावर दुसऱ्यालाही "एकदा जाऊन याच" म्हणतात ती आवडती पर्यटनस्थळं. त्यात पॅरिस, रोम, इस्तंबूलसारखी शहरं आली, पेट्रा किंवा अंगकोरसारखे जुने अवशेष आले, बेटं, डोंगर, जंगलं आली आणि आता तर अंटार्क्टिकाही आलं. मोजणीत पर्यटक ठरायला एवढंच लागतं की माणसाने नेहमीच्या जागेपासून लांब निदान एक रात्र काढावी आणि वर्षाच्या आत परतावं. अशा परदेशी फेऱ्या १९५० मध्ये जगभरात जेमतेम अडीच कोटी होत्या, २०१९ पर्यंत त्या १४६ कोटींच्या आसपास गेल्या, मग कोरोनात एकदम आपटल्या आणि २०२४ मध्ये जवळजवळ पुन्हा तिथेच येऊन पोचल्या. सगळ्यात जास्त परदेशी पाहुणे फ्रान्सला येतात, वर्षाला साधारण दहा कोटी, म्हणजे तिथल्या लोकसंख्येपेक्षाही कितीतरी जास्त.

जागा सुंदर आहे एवढ्यावर ती आवडती होत नाही. डोंगर, अवशेष तर शेकडो वर्षं तिथेच असतात, पण तिथवर पोचायची सोय झाली आणि त्या जागेचं एखादं चित्र लोकांच्या डोक्यात बसलं की मग रीघ लागते. ५ जुलै १८४१ ला थॉमस कुक यांनी इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी साधारण ५०० माणसं रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग, आणि आजच्या पॅकेज टूरचं मूळ बरेच जण तिथेच धरतात. त्याआधी इटली वगैरे बघायला जायची ती श्रीमंत घरातली तरुण मुलं, तीही महिनोन्‌महिने घोडागाडीने. पुढे १९७० मध्ये जंबो जेट आलं, नंतर स्वस्त विमान कंपन्या आल्या आणि मग बघताबघता सगळं जगच आवाक्यात आलं.

आइसलँडचंच बघा. २०१० मध्ये तिथे एयाफ्यात्लायोकुत्ल नावाचा ज्वालामुखी फुटला, राखेमुळे युरोपातली विमानं कित्येक दिवस जमिनीवरच होती, पर्यटन आता बुडणार अशी भीती होती, पण टीव्हीवर दिसलेला तो बर्फ आणि ती आग बघून उलट लोकं यायला लागली, त्यात २००८ च्या बँक संकटात तिथलं चलन घसरलेलं होतं त्यामुळे देश आधीपेक्षा परवडतही होता. वर्षाला पाच लाखांच्या आसपास येणारे पाहुणे २०१७ पर्यंत वीस लाखांच्या वर गेले आणि देशाची वस्ती अजून चार लाखही नाही. एका पॉप गायकाच्या व्हिडिओत तिथली फ्याद्रारग्ल्युफुर ही दरी दिसली तर एवढी गर्दी झाली की पायाखाली शेवाळ मरायला लागलं आणि २०१९ मध्ये दरी काही महिने बंद ठेवावी लागली. तिथलं शेवाळ इतकं सावकाश वाढतं की एका माणसाने टाकलेलं पाऊल भरून यायला वर्षानुवर्षं जातात.

चित्र डोक्यात बसतं म्हणजे काय याचा सगळ्यात चांगला पुरावा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मोना लिसा हे जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं चित्र, जाणकारांना आधीपासून माहीत होतं, पण ऑगस्ट १९११ मध्ये ते चोरीला गेलं, जगभरच्या पेपरांत त्याचे फोटो छापून आले आणि लोकं चक्क भिंतीवरची रिकामी जागा बघायला रांग लावू लागली. १९१३ मध्ये चित्र फ्लॉरेन्सला सापडलं आणि तेव्हापासून त्याच्यासमोरची गर्दी वाढतच गेली. त्याच संग्रहालयात इतर हजारो वस्तू आहेत आणि त्यांच्यासमोर शांतपणे उभं राहता येतं, माझ्या मते तिथे जायचं खरं कारण त्याच आहेत.

पेरूमधल्या माचू पिचूची गोष्ट याहून मोठी आहे. पंधराव्या शतकात इंका राजा पाचाकुती याच्या काळात डोंगरावरचं हे शहर बांधलं गेलं, स्पॅनिश लोकं आली तेव्हा त्यांना ते सापडलंच नाही, आणि २४ जुलै १९११ ला अमेरिकन प्राध्यापक हायरम बिंगहॅम तिथे पोचले म्हणून शोधाचं श्रेय त्यांना दिलं जातं. पण हे पूर्ण खरं नाही. बिंगहॅम वर पोचले तेव्हा तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात शेतकरी कुटुंबं पीक घेत होती, एका लहान मुलानेच त्यांना अवशेष दाखवले, आणि आगुस्तिन लिसारागा या स्थानिक माणसाने १९०२ मध्येच भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवलेलं होतं. हरवलेलं शहर हे शब्द बाहेरच्यांसाठी खरे, आसपासच्या लोकांसाठी ते कधी हरवलंच नव्हतं, आणि हे नोंदीत यायलाच हवं असं मला वाटतं.

जाणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. माचू पिचू २,४३० मीटरवर आहे पण आधी जिथे उतरावं लागतं ते कुस्को शहर त्याहून उंच, ३,४०० मीटरवर, त्यामुळे डोकेदुखी, मळमळ, दम लागणं हा त्रास कुस्कोतच होतो आणि लोकं गोंधळतात. विमानातून उतरल्यावर पहिल्या एकदोन रात्री खालच्या सेक्रेड व्हॅलीत काढल्या तर शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. पुढे रेल्वेने पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावाला जायचं आणि तिथून बसने वर, किंवा चार दिवस चालत इंका ट्रेलने. त्या वाटेवर दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात, त्यातही गाइड आणि सामान वाहणारे धरलेले असतात त्यामुळे परमिट खूप आधी संपतात, आणि फेब्रुवारीत पावसामुळे नि दुरुस्तीसाठी वाट बंद असते.

कंबोडियातल्या अंगकोर वाटला पहाटे अंधारात तळ्याकाठी जी गर्दी जमते तिच्यामागेही कारण आहे. तिथली बहुतेक देवळं पूर्वेकडे तोंड करून आहेत पण बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधलेलं हे देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून दारात उभं राहिलं की सूर्य बरोबर शिखरांच्या मागून वर येतो. गर्दी पांगली की आत जाऊन भिंतींवरची कोरीव कामं बघावीत, समुद्रमंथनाचा तो लांबच लांब पट्टा बघायलाच अर्धा तास पुरत नाही.

काही ठिकाणी कुठे जायचं यापेक्षा कधी जायचं हे जास्त महत्त्वाचं. आफ्रिकेतल्या सेरेंगेटी आणि मासाई मारा या अभयारण्यांमध्ये दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट हरणं पावसामागून वर्षभर गोल फिरत असतात, नदी ओलांडणं बघायचं तर साधारण जुलै ते ऑक्टोबर, पिल्लं बघायची तर वर्षाच्या सुरुवातीला दक्षिण सेरेंगेटीत. गाड्या नदीकाठी फार पुढे घुसवल्या की जनावरं बिचकून मागे फिरतात, त्यामुळे लांब थांबणारा ड्रायव्हर हाच चांगला ड्रायव्हर. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्री आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, बघायला लोकं जातात पण उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही, म्हणून सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर हाच सीझन. आणि डोळ्यांना तो प्रकाश बऱ्याचदा फिकट राखाडी दिसतो, हिरवागार दिसतो तो कॅमेऱ्यात, हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही.

आता गर्दीचं. व्हेनिसच्या जुन्या बेटावर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहायची, आज ५० हजारही नाहीत, त्याचं एक कारण म्हणजे घरं पाहुण्यांना भाड्याने दिली जातात आणि रोजच्या वापराची दुकानं जाऊन तिथे मुखवटे नि मॅग्नेट विकणारी येतात. ऑगस्ट २०२१ पासून मोठी क्रूझ जहाजं ज्युडेका कालव्यातून जाऊ शकत नाहीत आणि २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना ५ युरो प्रवेशशुल्क लागलं, मुक्कामाला राहणाऱ्यांना ते नाही. फार थोडकं शुल्क आहे हे पण विचार बरोबर वाटतो, कारण चार तासात फोटो काढून पळणाऱ्यापेक्षा रात्री राहणारा माणूस गावाला जास्त देऊन जातो, आणि संध्याकाळी टूरवाले गेल्यावर त्या गल्ल्या किती शांत होतात ते त्यालाच कळतं.

जपानमध्ये फुजी डोंगराच्या योशिदा वाटेवर २०२४ पासून दिवसाला ४,००० चढाईवाल्यांची मर्यादा आहे. अंटार्क्टिकात टूर कंपन्यांच्या नियमांनुसार एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त पाहुणे किनाऱ्यावर उतरत नाहीत आणि उतरण्याआधी प्रत्येकाचे बूट धुऊन घेतात म्हणजे बाहेरचं बी आत जाऊ नये. ऑस्ट्रेलियात उलुरू हा प्रचंड खडक तिथल्या मूळच्या आनंगू लोकांसाठी पवित्र, "चढू नका" असं ते कित्येक वर्षं सांगत होते, शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ ला चढाई कायमची बंद झाली, खालून भोवताली मात्र पायी फिरता येतं आणि पहाटेचे रंग तिथूनच दिसतात.

थायलंडची माया बे ही खाडी एका हॉलिवूड सिनेमामुळे प्रसिद्ध झाली, दिवसाला हजारो माणसं नि बोटी येऊन नांगरांनी प्रवाळ तुटलं, म्हणून जून २०१८ मध्ये ती बंद केली आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडली. मधल्या काळात प्रवाळाची हजारो रोपं पाण्यात लावली आणि काळ्या टोकाच्या पंखांचे रीफ शार्क परत आले. आता बोटी खाडीत येत नाहीत, बेटाच्या मागच्या बाजूला थांबतात, पाहुण्यांनी तिथून चालत यायचं, पाण्यात पोहायचं नाही, आणि दरवर्षी पावसाळ्यात दोन महिने खाडी पुन्हा बंद असते.