बारावीनंतरचा प्रवेश: आधी आजोबांचा दाखला शोधा

बारावीचा निकाल लागला की तहसीलच्या सेतू केंद्रावर झुंबड उडते. त्या गर्दीत सापडायचं नसेल तर कागदपत्रं अकरावीतच हाती घ्या.

जवळच्या कॉलेजात बीए, बीकॉमला जायचं तर गुणपत्रिका, टीसी, आधार, फोटो आणि सवलतीसाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला, एवढ्यावर बहुतेक काम होतं. खरी धावपळ इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषीच्या प्रवेशाला होते. त्यासाठी राज्याची सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते आणि तिचा फॉर्म बारावीची परीक्षा होण्याआधीच भरायचा असतो. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं मात्र नाही. निकालानंतर ‘कॅप’ची, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते, दरवर्षी काही मुलं इथेच चुकतात. इंजिनिअरिंगला ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण हवेत.

राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपण म्हणतो ती व्हॅलिडिटी, लागते. तिला महिनोन्‌महिने लागू शकतात, कारण पुरावा जुना द्यावा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी, विमाप्रसाठी (विशेष मागास प्रवर्ग) १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणून आजोबा, पणजोबा ज्या शाळेत गेले तिथला दाखल-खारीज उतारा काढा. ते शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मागा. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र जोडायचं. वडील, काका, आत्या यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती आवर्जून लावा, काम पुष्कळ हलकं होतं. जमातीच्या मुलांचा प्रस्ताव आदिवासी विभागाच्या समितीकडे जातो, बाकीच्यांचा जिल्हा समितीकडे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांचं नाव शाळेच्या रजिस्टरात ‘तुळशीराम’ होतं, कोतवाल बुकात ‘तुलसीराम’. शाई उडालेलं ते पान आम्ही खिडकीजवळ नेऊन वाचलं. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र आधीच जोडलं म्हणून प्रस्तावात त्रुटी निघाली नाही. तुमच्या घरचे कागदही असेच शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहा.

ओबीसी, भटके, विमाप्र मुलांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही, म्हणजे कुटुंब सधन गटात मोडत नाही याचा दाखला, हवं. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातला ३१ मार्च त्यात येतो का, ते बघून घ्या. अधिवासाचा दाखला मात्र एकदाच काढायचा.

मुलीला बाहेरगावी शिकवणं परवडेल का, या विचारात असलेल्या घरांनी हे नक्की वाचावं: २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा.

अनुसूचित जाती-जमातीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतो आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर असावं, वडिलांच्या चालत नाही. बँकेत जाऊन आधार जोडणी झाली का, ते प्रवेशाआधीच विचारून या.